मद्रासेहून येणारा चांदोबा

छापील मराठी गोष्टीचा जन्म महाराष्ट्रात झाला नाही, ही हकीकत आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदलेली असली, तरी तिच्याकडे जितक्या आस्थेने पाहावयास हवे तितक्या आस्थेने आपण पाहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी महाराजांनी आपल्या ‘नवविद्याकलानिधी’ छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या नीतिकथांचे मराठी रूपांतर छापविले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८१४ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे याच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ बाहेर पडली. त्या वेळी पुण्यात पेशव्यांचे दप्तर अद्याप चालू होते, फडावर कारकून बोरूने मोडी लिहीत होते, आणि कथापुराणे पोथ्यांच्या रूपाने हस्ताक्षरातूनच पुढे सरकत होती. मराठी कथा खिळ्यांत बसू लागली ती कावेरीच्या आणि हुगळीच्या काठी. म्हणूनच १९५२ च्या एप्रिल महिन्यात मद्रास शहराच्या वडपळनी भागातून ‘चांदोबा’ नावाचे मराठी मुलांचे मासिक निघू लागले, तेव्हा दक्षिणेतून मराठी मुलांकडे येणारी एक जुनी वाट पुन्हा वाहती झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी पुस्तके सिद्ध करण्याचे काम एल्फिन्स्टनच्या अमदानीत सुरू झाले, आणि त्याचा पहिला मोठा मानकरी म्हणजे सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे. ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीती’ ही त्यांची पुस्तके १८२८ ची. आणि १८३० साली त्यांची ‘वेताळ पंचविशी’ प्रसिद्ध झाली. मराठी गद्याला धड विरामचिन्हेही लाभली नव्हती अशा त्या काळात, शाळाखात्याच्या गरजेपोटी का होईना, विक्रम आणि वेताळ ही जोडी मराठी मुलांच्या हाती छापील रूपाने आली होती. हा तपशील येथे मुद्दाम नोंदवितो, कारण पुढे ज्या मासिकाचे वर्णन करावयाचे आहे त्याचा कणा हीच जोडी होती.

नियतकालिकांची कथा यानंतरची आहे. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७० नंतरच्या दशकात निघाले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ काढले, आणि ते १९१४ साली देवाघरी जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तेहतीस वर्षे, अक्षरशः एकहाती चालविले. ज्या ओकांनी १८८१ सालीच ‘शिरस्तेदार’ या छोट्या कादंबरीत सरकारी कचेरीतील लाचलुचपतीचे चित्र रेखाटले, त्यांनीच दरमहा एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि काही किरकोळ मजकूर असा आराखडा ठरवून तो अखेरपर्यंत मोडला नाही. चारशेच्या वर चरित्रे त्यांनी या एका मासिकासाठी लिहिली. हेदवीसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या, स्वाध्यायाने विद्वान झालेल्या या गृहस्थांची निष्ठा पाहिली म्हणजे मन नम्र होते. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ सुरू केले. आपटे कोशकार होते, ‘शब्दरत्नाकर’ त्यांचाच. परंतु मुलांसाठी लिहिताना त्यांनी कोश बाजूला ठेवला आणि नावाप्रमाणे आनंदाला प्राधान्य दिले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी हे मासिक दीर्घकाळ सांभाळले. नागपूरचे ‘मुलांचे मासिक’, ‘बालसन्मित्र’, ‘खेळगडी’ आदी मंडळी याच परंपरेतली. या सर्व मासिकांत एक समान धागा आढळतो: त्यांच्यामागे एक संपादक उभा असे, तो बहुधा शिक्षक असे, आणि त्याच्या दृष्टीने वाचक हा आधी विद्यार्थी व मग मूल असे. ही त्यांची उणीव नव्हे. मुद्रित अक्षर हेच ज्या समाजात उन्नतीचे साधन होते, त्या समाजात मुलांचे मासिक शाळेच्या ओसरीवर बसणे स्वाभाविकच होते.

मद्रासचा चांदोबा या ओसरीवरचा नव्हता. त्याचे जनक दोन मित्र, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. नागी रेड्डी कडप्पा जिल्ह्यातले. मद्रासेत त्यांचा बी. एन. के. प्रेस हा छापखाना होता. चक्रपाणी हे टोपणनाव. मूळ नाव आलूरी वेंकट सुब्बाराव, गाव तेनालीजवळचे. क्षयाच्या विकाराने मदनपल्लीच्या आरोग्यधामात पडून असताना ते बंगाली शिकले, आणि त्यांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणल्या. त्या इतक्या सहज उतरल्या की शरत्बाबू तेलुगू लेखकच आहेत असा कित्येक वाचकांचा समज झाला, असे आंध्रात आजही सांगतात. एका मुद्रकाने आणि एका भाषांतरकाराने मिळून हे मासिक काढले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्य महिनाभरावर आले असता, ‘चंदामामा’चा पहिला अंक तेलुगूत आणि त्याचबरोबर ‘अंबुलिमामा’ या नावाने तमिळमध्ये निघाला. म्हणजे जन्मतःच हे मासिक द्विभाषिक होते. कन्नड आवृत्ती लवकरच आली, हिंदी १९४९ साली, मराठी आणि मल्याळम १९५२ साली, गुजराती, इंग्रजी व ओडिया त्यानंतरच्या चारपाच वर्षांत. पुढे बंगाली, पंजाबी, असमिया, सिंहली, १९८४ साली संस्कृत आणि २००४ साली संताळीसुद्धा. चंद्राला मामा म्हणण्याचा प्रघात बहुतेक भाषांत असल्याने नावाची अडचण कोठे आली नाही, आणि मराठीत तर चांदोबा पाळण्यापासूनच ओळखीचा होता.

याच दोघांनी ‘विजया प्रॉडक्शन्स’ ही चित्रसंस्था चालविली. १९५१ चा ‘पाताळ भैरवी’ आणि १९५७ चा ‘मायाबझार’ ही त्यांचीच निर्मिती. वडपळनीत एका बाजूस त्यांचे कलागृह, तर त्याच परिसरात ‘चंदामामा बिल्डिंग्स’. मासिकातील राजवाडे, मांत्रिकांच्या गुहा, रत्नजडित मुकुट आणि आकाशमार्गाने जाणारे रथ पाहताना दक्षिणेच्या पौराणिक बोलपटांची आठवण होते, ती विनाकारण नव्हे. पडद्यावरचे मायावी जग आणि कागदावरचे मायावी जग येथे एकाच मालकीच्या आवारात घडत होते.

आता या कारखान्याची रीत पाहू. कथा आधी तेलुगूत पक्की होई; मग चित्रकार तिची चित्रे काढी; मग निरनिराळ्या भाषांचे साहाय्यक संपादक, मद्रासेतच बसून, ती आपापल्या भाषेत उतरवीत. चित्रे सर्व आवृत्त्यांत तीच राहत. बदले तो फक्त काळ्या शाईतला मजकूर. चित्राने सोडलेल्या जागेत मराठी मजकूर बसला पाहिजे, कन्नडही बसला पाहिजे आणि गुजरातीही, अशी सक्ती असल्यामुळे वाक्य आखूड ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. आपटे-ओकांच्या मासिकांना जे रंगीत पान वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, ऐपतीप्रमाणे, देता येई, ते चांदोबाला दरमहा पानापानावर देता आले, याचे कारण हा हिशेबच होय: ठशांचा व चित्रांचा खर्च एकदाच, आणि तो अनेक भाषांच्या खपावर विभागलेला. आरंभीच्या वर्षांत सहा आण्यांत असा अंक मिळे. मराठीतल्या एकट्या प्रकाशकाला, त्याची निष्ठा कितीही थोर असो, एवढ्या पैशांत एवढे रंग देणे शक्य नव्हते.

या साऱ्या यंत्रणेला एकजीव भाषा देण्याचे श्रेय कोडवटिगंटी कुटुंबराव या तेलुगू कथाकाराकडे जाते. १९५२ पासून १९८० साली निधन होईपर्यंत त्यांनी संपादनाची धुरा वाहिली. बाहेरून येणारी कथा ते जशीच्या तशी सहसा स्वीकारीत नसत. तिच्यातली विशेषणे गाळून, प्रसंगांचा क्रम लावून, संवाद नेमके करून ती पुन्हा लिहून काढीत. परिणामी कोणतीही कथा कोणीही लिहिलेली असो, ती चांदोबाचीच वाटे. पुष्कळसा मजकूर निनावीच छापला जाई. १९५४ पासून ज्यांच्या अद्भुत दीर्घकथांनी लाखो मुलांना पुढल्या महिन्याची वाट पाहावयास लावले, त्या दासरी सुब्रह्मण्यम यांचे नावसुद्धा त्या कथांवर नसे. ज्वालाद्वीप, राक्षसांची दरी, मांत्रिकांची त्रयी हे सारे जग ज्या एका मनातून आले, त्या मनाची ओळख वाचकांना झाली ती फार उशिरा, ते वृद्ध झाल्यावर. कुटुंबराव स्वतः पुरोगामी, विवेकवादी, डाव्या विचारांचे. १९७० साली स्थापन झालेल्या क्रांतिकारी लेखकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. असा मनुष्य भुताखेतांच्या आणि राजेमहाराजांच्या कथांचे मासिक अठ्ठावीस वर्षे कसे चालवितो, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कथांत भूत असते, पण भूत मूर्खाला छळते आणि शहाण्याशी तह करते. राजा असतो, पण न्याय बहुधा प्रधानाला, शेतकऱ्याला नाहीतर गुराख्याच्या पोराला सुचतो. नवस आणि मुहूर्त यांवर विसंबणारा शेवटी फसतो. अद्भुताचा बाह्य वेष कायम ठेवून आत कार्यकारणाचा भाव जागा ठेवणे, हे सोपे काम नव्हे.

परंतु चांदोबाचे खरे वैभव म्हणजे वेताळाची कथा, आणि तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या मनोरंजनार्थ सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ही पंचविशी येते. तेथील राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा, अधिपती आहे. सोमदेवाने ज्या गुणाढ्याच्या बृहत्कथेचा आधार सांगितला, तो गुणाढ्यही आख्यायिकेप्रमाणे सातवाहनांच्या दरबारातला. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ नजर करतो, एके दिवशी माकडाच्या हातून ते फुटून आतून रत्न निघते, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली राजा वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानातल्या शिंशपा वृक्षावरचे प्रेत आणावयास निघतो. प्रेतात वेताळ शिरलेला. तो वाटेत कथा सांगून प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटणार, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे प्रेत पुन्हा झाडावर जाणार. सोमदेवाच्या कथेत अखेरच्या प्रश्नाचे उत्तर राजाला सापडत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या मौनानेच कथेला तोंड फुटते: वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचे कपट उघड करतो व राजा त्याचा शिरच्छेद करतो.

मद्रासच्या संपादकांनी या चौकटीचे दोन्ही दरवाजे काढून टाकले. आरंभीचा भिक्षू नाही, शेवटचा शिरच्छेद नाही. राहिली ती मधली वाट, झाड ते स्मशान. दरमहा हट्टी विक्रम पुन्हा झाडाकडे वळतो, प्रेत खांद्यावर टाकतो, मुकाट्याने चालू लागतो, आणि दरमहा हरदासाची कथा मूळ पदावर येते. मूळच्या कथा संपल्यावर नव्या रचल्या गेल्या, त्याही शेकड्यांनी; आणि येथेच एक सूक्ष्म पण मोठा फरक झाला. सोमदेवाचा वेताळ बहुधा हक्काचा प्रश्न विचारतो: तिघांपैकी त्या कन्येवर अधिकार कोणाचा, चौघांपैकी अधिक उदार कोण, पातक कोणाच्या माथी. मासिकातला वेताळ मात्र हेतूचा प्रश्न विचारू लागला. एखाद्या तरुणाने प्राणांतिक कष्टाने राज्य मिळविले आणि ऐन अभिषेकाच्या वेळी ते नाकारले, ते का? एखाद्या न्यायाधीशाने उघड चोराला सोडून दिले आणि साक्षीदाराला दंड केला, तो वेडा झाला होता काय? विक्रमाचे उत्तर ऐकेपर्यंत ती कृती अन्यायाची किंवा मूर्खपणाची वाटते, आणि उत्तर ऐकताच तीच एकमेव योग्य कृती होती असे पटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दर महिन्याला, कोणताही उपदेश न करता, दुसऱ्याच्या वागण्यामागचे कारण शोधावयास लावणारे असे दुसरे सदर मराठी बालवाङ्मयात मला आढळलेले नाही. कित्येक मुले उत्तराचा परिच्छेद हाताने झाकून आधी स्वतः विचार करीत, भावंडांशी वाद घालीत आणि मगच हात उचलीत. छत्र्यांच्या ‘वेताळ पंचविशी’ने जे दार किलकिले केले होते ते अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी सताड उघडले.

आणखी एक गंमत अशी की, कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना हा वेताळ परका नव्हताच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबा हे ग्रामदैवत आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्री गावाभोवती रखवालीची फेरी घालून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे येथेही बेताळाचे देऊळ आहे. देवळातला हा वेताळ राखणदार, तर चांदोबातला वेताळ प्रश्नकर्ता. त्या मुलांना ही दोन रूपे मनात एकत्र नांदविण्यास काही प्रयास पडले नसावेत, कारण गावच्या वेतोबालाही खोटेपणा खपत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली होती.

या सदराला जे रूप लाभले ते शंकर या चित्रकारामुळे. के. सी. शिवशंकरन हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९२४ साली ईरोडजवळ. देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य असताना मद्रासच्या सरकारी कलाशाळेत ते शिकले, काही काळ ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात होते, आणि मग चांदोबाच्या आवारात आले ते सुमारे साठ वर्षे तेथेच राहिले. उजव्या हाती तलवार, खांद्यावर केस मोकळे सुटलेले पांढुरके प्रेत, मागे वठलेले झाड, पायांशी कवट्या आणि सरपटणारे साप, आणि या सर्वांतून किंचित मागे वळून पाहत निघालेला धिप्पाड विक्रम: हे चित्र ज्याने पाहिले नाही असा चांदोबाचा वाचक नसेल. शंकरांची रेषा बारीक आणि निश्चयी. देवळांचे खांब, रथांची चाके, स्त्रियांच्या केशरचना यांचा तपशील ते दक्षिणी शिल्पावरून घेत, त्यामुळे काल्पनिक राज्यालाही वास्तूचा भरीवपणा येई. त्यांच्या जोडीला ‘चित्रा’ या नावाने सही करणारे टी. व्ही. राघवन होते, दासरींच्या अद्भुतकथांतले राक्षस, दुडक्या चालीचे घोडे आणि गलबते त्यांनी काढली. महाभारतातील प्रसंगांची मुखपृष्ठे एम. टी. व्ही. आचार्य यांची, आणि पुढे श्रीकाकुळमचे वड्डादी पापय्या यांच्या रंगीत चित्रांनी मासिकाचे बाह्यांग सजले. महाराष्ट्रात रविवर्म्याच्या छापील तसबिरींनी घरोघर देवांना जशी मुखे दिली, तशी विक्रमाला, भीमाला आणि हनुमंताला या चौघांनी कित्येक पिढ्यांच्या मनात मुखे दिली.

इतर सदरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पौराणिक धारावाहिक नेहमी असे, आणि रामायण, महाभारत, हनुमंताचे चरित्र, देवीभागवत असे एकामागून एक वर्षानुवर्षे चाले. जातककथा आणि पंचतंत्र असे. परदेशी कथाही येत, अरबी सुरस कथांपासून थेट होमरच्या ‘ओडिसी’पर्यंत, आणि त्यांना कोणी उपऱ्या म्हणून वेगळ्या पंक्तीस बसविले नाही. पहिल्या वर्षांत कोडी आणि रंगवावयाची चित्रे असत. अखेरच्या पानांजवळ मात्र एक सदर होते ज्याने वाचकाला लेखक केले: शेजारी शेजारी दोन छायाचित्रे दिलेली असत, आणि दोहोंना मिळून यमकाने किंवा अर्थाने जुळणारी अशी छोटी नावे पोस्टकार्डावर लिहून पाठवावयाची. एका चित्रात रडणारे मूल, दुसऱ्यात हसणारी म्हातारी. चारपाच शब्दांत दोघांची सांगड घालावयाची. निवडलेली जोडी पुढे पाठविणाऱ्याच्या नावगावासह छापून येई आणि थोडे रोख बक्षीसही मिळे. तालुक्याच्या गावच्या पोराचे नाव मद्रासेत छापून भारतभर जाते, हा अनुभव त्या काळी क्षुल्लक नव्हता. आणि जे मासिक आपल्या थोर लेखकांची नावे दडवीत असे, तेच एका ओळीच्या मानकऱ्याचे नाव मात्र आवर्जून छापी, यात मला एक प्रकारचे औदार्य दिसते.

महाराष्ट्रात हा अंक पोहोचे तो एस. टी. च्या आणि रेल्वेच्या स्थानकांवरील पुस्तकविक्रेत्यांकडून, वर्गणीदारांना टपालाने, आणि त्याहून अधिक सार्वजनिक वाचनालयांतून. दवाखान्याच्या बाकावर, केशकर्तनालयात, मामाच्या घरच्या माळ्यावरच्या पेटीत, कोठेही तो सापडे, आणि वीस वर्षांपूर्वीचा अंकही शिळा वाटत नसे, कारण त्यात वर्तमानकाळ जवळजवळ नव्हताच. हीच त्याची शक्ती आणि हाच त्याच्यावरचा आक्षेप. कोकणातला पाऊस, वऱ्हाडातली कापसाची वेचणी, घाटावरचा पोळा, गिरणगावातली चाळ यांचे दर्शन त्यात क्वचितच घडे. जे अनेक भाषांत चालावयाचे ते कोणत्याच एका मातीचे असून चालत नाही. मराठी शुद्ध आणि सरळ, पण तिला प्रांताचा गंध नसे. राजकन्या बहुधा अर्ध्या राज्यासोबत देऊन टाकण्याची वस्तू असे. हे दोष खरे आहेत, आणि ज्या पालकांनी ‘आनंद’ व पुढे ‘किशोर’ घरी आणून चांदोबाच्या जोडीस ठेवले त्यांनी शहाणपणा केला. तथापि, पुण्याच्या वाड्यातले मूल, लातूरच्या वस्तीतले मूल आणि पणजीतले मूल एकच मराठी सारख्याच सहजतेने वाचू शकते, असे नियतकालिक चालविणे ही सामान्य कामगिरी नव्हे.

चांदोबाला प्रतिस्पर्धी मिळाले ते साठीच्या दशकात. १९६४ पासून मुंबईची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागली आणि लवकरच मराठीतही आली. त्यांतला जंगलातला मुखवटाधारी नायक मराठीत ‘वेताळ’ याच नावाने वावरू लागला, म्हणजे मराठी मुलाच्या पेटीत आता दोन वेताळ झाले. १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ आली. तरीही चांदोबाचा वाचक फारसा हलला नाही, कारण चित्रपट्टीत वाक्य फुग्यात मावते, आणि चांदोबाच्या वाचकाला सलग सांगितलेली गोष्ट हवी असे.

चक्रपाणी १९७५ साली गेले, कुटुंबराव १९८० साली. नागी रेड्डींचे चिरंजीव विश्वम यांनी कारभार सांभाळला. परंतु दूरदर्शन घरोघर आले होते, आणि १९८५ साली तर खुद्द विक्रम-वेताळच पडद्यावर गेले. १९९८ साली वडपळनीतील अंतर्गत तंट्यांमुळे मासिक बंद पडले, सुमारे वर्षभराने नव्या भांडवलावर उठले, २००७ साली मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतले, आणि २०१३ साली अंक निघणे थांबले. ती कंपनीच पुढे न्यायालयाच्या आदेशाने मोडीत निघाली.

या अखेरीचे मूळ आरंभीच्याच हिशेबात होते. एका कथेची चित्रे सर्व भाषांना पुरत, म्हणून चांदोबा स्वस्त आणि रंगीत होता. आणि सर्व भाषांचे दप्तर एकाच कचेरीत होते, म्हणून त्या कचेरीला टाळे लागताच तेलुगूपासून संताळीपर्यंतचे सारे चांदोबा एकदमच मावळले. मराठी आवृत्तीला मद्रासबाहेर स्वतःचे लेखक, चित्रकार, संपादक नव्हते. ती निराळी जगविता येण्यासारखी नव्हती. याउलट नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने वसंत शिरवाडकरांच्या संपादकत्वाखाली सुरू केलेले ‘किशोर’ आजही चालू आहे, कारण त्याची मुळे मराठी लेखक-चित्रकारांत आणि सरकारी पाठ्यपुस्तक मंडळाच्या तरतुदीत आहेत. ओकांच्या ‘बालबोध’चा वारसा खऱ्या अर्थाने त्याच्याकडे आला आहे, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही मोफत वाचता येतात. चांदोबाच्या जुन्या अंकांना असा धनी उरला नाही. २०२० साली शंकर वारले आणि पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मराठी मजकूर ज्यांनी वर्षानुवर्षे चित्रांच्या कडेने नेमका बसविला, त्या साहाय्यक संपादकांचा मात्र कोठे उल्लेखही होत नाही. दर वर्षाचे बारा अंक दोऱ्याने शिवून, वर कापडी पुठ्ठा चढवून ज्या घरांनी आणि ज्या जिल्हा वाचनालयांनी ते जपले आहेत, त्यांच्यापाशीच या मासिकाचे मराठी दप्तर शिल्लक आहे, आणि काही वाचक स्वखर्चाने त्याच्या प्रती काढून एकमेकांना पाठवीत आहेत.